परदेशी मुक्कामाची कागदपत्रे : जाणाऱ्यांसाठी व येणाऱ्यांसाठी

स्मरणिकेत कार्याचा आढावा, देणगीदारांची नामावली आणि जुन्या आठवणी असाव्यात ही रीतच आहे, आणि तसे लेख ह्या अंकात इतरत्र आलेही आहेत. तथापि घरोघरी उपयोगी पडेल असा एखादा विषय सोप्या भाषेत मांडावा, असे संपादक मंडळींनी सुचविल्यावरून आम्ही हा लेख लिहावयास घेतला.

न्यासाच्या कचेरीत पूर्वी सभासद येत ते शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, नाही तर लग्नाकरिता कार्यालयाची तारीख धरण्यासाठी. हल्ली दुसऱ्याच प्रश्नांची भर पडली आहे. "मुलगा वर्षभर परदेशी राहून इथल्याच कंपनीचे काम करणार म्हणतो, त्याला न्यासाचे पत्र मिळेल का?" असे एक विचारतात. दुसरे सांगतात, "मुलगी-जावई अमेरिकेहून सहा-आठ महिन्यांसाठी घरी येत आहेत. दोघांचे काम संगणकावरच चालते. पोलिसांत काही कळवावे लागते काय?" प्रश्न दोन दिसले तरी मूळ एकच. माणूस कोठे उतरतो, कोठे राहतो आणि कोणाची नोकरी करतो ह्या तीन गोष्टी पूर्वी एकाच गावी असत. आता त्या तीन देशांत विभागल्या जाऊ शकतात, आणि प्रत्येक देश आपापला कागद मागतो.

एका घरची गोष्ट

आमच्या एका सभासदाचा मुलगा पुण्याच्या कंपनीत संगणकाचे काम करतो. कंपनीने लेखी संमती दिल्यावर युरोपातील एका देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा त्याला मिळाला. पासपोर्टात चिकटविलेल्या व्हिसावर चार महिन्यांची मुदत आणि दोन प्रवेश असे स्वच्छ छापले होते. घरात पेढे वाटले गेले, पण ती ओळ कोणी नीट वाचली नाही. तो गेला, हा पहिला प्रवेश झाला. दीड महिन्याने आजोबा आजारी पडले म्हणून तो हुमनाबादला आला आणि आठ दिवस राहून परत गेला. हा दुसरा प्रवेश. पुढे तीनच आठवड्यांत आजोबा वारले. तिकडच्या निवास परवान्यासाठी त्याला मिळालेली तारीख अजून लांब होती. घरी आला असता तर त्या व्हिसावर परत जाता आले नसते, आणि सारा अर्ज पहिल्यापासून करावा लागला असता. वडिलांनीच मन घट्ट करून त्याला "येऊ नकोस" म्हणून कळविले. आजोबांचे अंत्यदर्शन नातवाने फोनच्या पडद्यावर घेतले.

ह्यात दोष कोणत्याही कचेरीचा नव्हता. व्हिसावर जे लिहिले होते तेच घडले. चूक आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांची होती. त्या मुलाला उत्साहाने सल्ला देणाऱ्या आम्हांसच प्रवेश आणि निवास ह्यांतील भेद ठाऊक नव्हता. तो भेद सभासदांच्या ध्यानी यावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

उंबरठा आणि घर

व्हिसा म्हणजे उंबरठ्यापर्यंत येण्याची परवानगी. तो आपण आपल्या देशात असताना परक्या देशाच्या वकिलातीकडून मिळतो. आत येऊ द्यावे की नाही हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो. त्यानंतर त्या देशात दीर्घकाळ राहावयाचे तर बहुतेक ठिकाणी तिसरी पायरी असते. ती म्हणजे निवास परवाना, पत्त्याची नोंद, किंवा दोन्ही. ह्या तीन पायऱ्या वेगळ्या आहेत, आणि पहिली चढल्याने तिसरी आपोआप चढली जात नाही.

आपल्या भागातील लोकांस ही गोष्ट समजण्यास अवघड नाही. घटनेच्या 371(जे) कलमाखालील दाखला आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या बिदर किंवा कलबुर्गी जिल्ह्यात राहिलेल्या कुटुंबातील मुलालासुद्धा कॉलेजातील किंवा नोकरीतील राखीव जागेसाठी तो दाखला काढावाच लागतो. राहणे ही एक गोष्ट आणि राहत असल्याचा पुरावा ही दुसरी. परदेशात हाच नियम अधिक काटेकोरपणे चालतो.

आता हे नवे व्हिसा आले कोठून ते पाहू. 2020 च्या महामारीत कचेऱ्या बंद पडल्या आणि घरबसल्या काम करण्याची पद्धत जगभर रूढ झाली. पर्यटक म्हणून येणाऱ्यास नोकरी करण्याची मुभा नसते आणि नोकरीचा व्हिसा त्या देशातील मालकाशिवाय मिळत नाही. परक्या मालकाचे काम करीत येथे राहू पाहणाऱ्याला कोणत्या रकान्यात बसवावे, असा प्रश्न सरकारांपुढे उभा राहिला. एस्टोनिया ह्या लहानशा देशाने 2020 च्या ऑगस्टात अशा लोकांसाठी स्वतंत्र व्हिसा काढला. त्यानंतर दुबई, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन, थायलंड इत्यादींनी तोच मार्ग धरला.

ह्या सर्वांची मूळ अट एकच आहे. तुमचे उत्पन्न आमच्या देशाबाहेरून यावे आणि ते पुरेसे असावे. 'पुरेसे' म्हणजे किती हे प्रत्येकाने वेगळे ठरविले आहे. पोर्तुगाल आपल्या किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न मागतो, तर स्पेन दुप्पट. थायलंड 5 लाख बाथ शिल्लक दाखविण्यास सांगतो. किमान वेतन वर्षागणिक वाढते, त्याबरोबर ही अटही वाढते. म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाला चाललेला आकडा यंदा चालेल असे धरू नये. अर्ज करण्याच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीचे संकेतस्थळ पाहावे हेच उत्तम.

प्रत्येक देशाच्या पायऱ्याही निराळ्या आहेत. पोर्तुगालचा ह्या प्रकारचा निवास व्हिसा साधारणतः चार महिन्यांचा व दोन प्रवेशांचा असतो. तेवढ्या मुदतीत तेथील स्थलांतर खात्यापुढे हजर होऊन निवास परवाना घ्यावयाचा असतो, आणि तो पुढे दोन वर्षे चालतो. स्पेनचा कायदा 2022 च्या डिसेंबरातील. तेथे वकिलातीकडून मिळणारा व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा असतो, पण त्या देशात कायदेशीर रीतीने असताना अर्ज केल्यास तीन वर्षांपर्यंत परवाना मिळू शकतो. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावच्या नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी असाही कायदा आहे. ह्या नोंदीचा उतारा पुढे अनेक कामांत मागतात. थायलंडचा 2024 च्या जुलैपासून निघालेला व्हिसा पाच वर्षांचा आहे खरा, परंतु एका खेपेस 180 दिवसच राहता येते. शिवाय 90 दिवस सलग राहिल्यास पत्ता कळवावा लागतो, आणि परदेशी पाहुणा उतरला की घरमालकाने 24 तासांत सरकारास वर्दी द्यावी असा तेथे नियम आहे. दुबईत वर्षाचा परवाना मिळतो, त्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि ओळखपत्र ह्या दोन्ही गोष्टी तेथे गेल्यावर कराव्या लागतात.

म्हणून पासपोर्टावर व्हिसा लागला की चार गोष्टी मोठ्याने वाचाव्यात आणि घरच्यांनी त्या लिहून ठेवाव्यात. व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे, प्रवेश एक, दोन की अनेक, एका खेपेस किती दिवस राहता येते, आणि पोचल्यावर किती दिवसांत कोठे नोंद करावयाची. घरी आजारी माणूस असेल, बहिणीचे लग्न ठरत असेल किंवा बाळंतपण जवळ आले असेल, तर निवास परवाना हाती पडल्यावरच येण्याचा बेत करावा, किंवा जाण्याचीच तारीख पुढे न्यावी.

कागद अडतो तो हुमनाबादेतच

लोकांची समजूत अशी की अडचण परक्या देशात येते. आमचा अनुभव उलट आहे. दहांपैकी आठ वेळा कागद अडतो तो आपल्याच घरातील पेटीत.

ह्याचे कारण आपल्या भागाच्या इतिहासात आहे. हुमनाबाद 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बिदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला आणि 1973 साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. 1947 साली जन्मलेला आमचा एखादा सभासद हैदराबाद संस्थानात जन्मला, म्हैसूर राज्यात शिकला आणि कर्नाटकात निवृत्त झाला, आणि एवढे होऊनही त्याने आपली गल्ली सोडली नाही! त्याच्या वडिलांचे कागद उर्दूत, आजोबांचे मोडीत, शाळेचा दाखला मराठीत आणि जमिनीचा उतारा कानडीत. जुन्या उर्दू कागदावर साल फसली असते. त्यात सुमारे 590 मिळविले की इसवी सन येतो, हे आता थोड्यांनाच ठाऊक आहे.

गावांच्या नावांचेही तसेच. आपल्या गावाचे नाव इंग्रजीत कोठे हुमनाबाद तर कोठे होमनाबाद असे लिहिलेले सापडते. 1 नोव्हेंबर 2014 पासून गुलबर्ग्याचे कलबुर्गी आणि बंगळूरचे बेंगळुरू झाले. घरातील माणसाला हे सगळे एकच गाव. पण दहा हजार किलोमीटरांवर बसलेल्या कारकुनाला दाखल्यावरील गुलबर्गा आणि पासपोर्टावरील कलबुर्गी ही दोन निराळी शहरे वाटली तर त्याला बोल कसा लावावा?

सर्वांत मोठी अडचण माणसांच्या नावांची. आपल्याकडे कोणी आडनाव लावतो, कोणी वडिलांचे नाव शेवटी लावतो, तर कोणी नुसती आद्याक्षरे. पुष्कळांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामाच असतो. 2022 च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातींनी पासपोर्टावर एकच नाव असलेल्या पर्यटकांना प्रवेश नाकारण्याचा नियम केला, तेव्हा अशा अनेकांस धावपळ करावी लागली. मुलाच्या जन्मदाखल्यात आईचे माहेरचे नाव आणि तिच्या पासपोर्टात सासरचे, हाही नेहमीचा प्रकार. बायकोमुलांना बरोबर न्यावयाचे असेल तर नाते सिद्ध करावे लागते, आणि ते ह्याच ठिकाणी अडते.

त्यावर उपाय आहेत, पण त्यांना वेळ लागतो. जन्माची नोंद 1969 च्या कायद्याप्रमाणे 21 दिवसांत कळवावयाची असते. राहून गेली असेल तर उशिराची नोंद करता येते, मात्र वर्षाहून अधिक काळ लोटला असल्यास दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. तेव्हा नातवंडांच्या बाबतीत आळस करू नये. विवाहाचे तसेच. लग्नपत्रिका आणि फोटो ह्यांनी वकिलातीचे समाधान होत नाही, सब-रजिस्ट्रार कचेरीतील नोंदीचा दाखला लागतो. नावांत फरक असल्यास आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्यावा. तो एकदा बरोबर झाला की बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावेत. एकाच माणसाची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र काही ठिकाणी चालते, पण त्यावर सर्व भिस्त ठेवू नये.

कागद बरोबर असले तरी परक्या देशाने त्यावर विश्वास का ठेवावा? ह्यासाठी ॲपोस्टिल नावाची मोहोर असते. हेग येथे 1961 साली झालेल्या करारात 2005 पासून आपला देशही सामील आहे. करारातील देशांत एकमेकांचे दाखले ह्या एका मोहोरेवर मान्य होतात. आपल्या जन्माच्या व विवाहाच्या दाखल्यांवर आधी राज्य सरकारची साक्षांकनाची सही होते आणि मग दिल्लीचे परराष्ट्र खाते मोहोर लावते. जे देश करारात नाहीत त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा घ्यावा लागतो. कानडी किंवा मराठी दाखल्याचे भाषांतरही त्या देशाला मान्य असलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. आपल्या ओळखीच्या मास्तरांनी कितीही सुंदर भाषांतर केले तरी ते तेथे चालेलच असे नाही.

त्याखेरीज पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. तो पासपोर्ट खात्याकडून मिळतो आणि चौकशी आपल्या ठाण्यामार्फत होते. हा दाखला फार आधी काढून ठेवू नये. अनेक देश तीन किंवा सहा महिन्यांच्या आतलाच मागतात. जन्मदाखला लवकर काढावा आणि पोलीस दाखला शेवटी, हा क्रम लक्षात ठेवावा. शेवटी मालकाचे पत्र. मी परदेशातून काम करण्यास कंपनीची हरकत नाही, पगार अमुक, नोकरी अमुक दिवसांपासून, असे त्यात स्पष्ट असावे. कंपनीला न कळविता जाऊन बसणे हा मार्ग काही तरुणांना सोपा वाटतो. तो नोकरी आणि व्हिसा दोन्ही घालविणारा आहे.

न्यासाच्या पत्राविषयीही येथे सांगून टाकतो. न्यासाचे शिफारसपत्र शाळेत किंवा वसतिगृहात उपयोगी पडते. परदेशच्या वकिलातीत त्याला वजन नाही. सभासदांनी त्यासाठी खेटे घालू नयेत, आणि "हमखास व्हिसा मिळवून देतो" म्हणणाऱ्या दलालावर तर मुळीच विसंबू नये. व्हिसा देणे अथवा न देणे हा त्या देशाचा अधिकार आहे. तो कोणी विकत देऊ शकत नाही.

घरी येणाऱ्यांसाठी

आता दुसरी बाजू. बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग 2017 साली पुरा झाल्यापासून हुमनाबादला रेल्वेही आहे, आणि हैदराबादच्या विमानतळावरून मोटारीने काही तासांत घरी पोचता येते. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले आईवडिलांजवळ काही महिने राहून तिकडचे काम येथूनच करू इच्छितात. ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र आपल्या देशात अशा कामासाठी स्वतंत्र व्हिसा नाही, आणि कोण कोणत्या पासपोर्टावर येतो त्यावर सर्व अवलंबून आहे.

ज्याचा पासपोर्ट भारतीयच आहे त्याला राहण्यासाठी कोणतीही नोंद नको. तो कितीही वर्षे बाहेर असला तरी ह्या देशाचा नागरिक आहे.

ज्याने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व कायद्याने संपते, आणि जुना पासपोर्ट परत करावा लागतो. अशांसाठी ओसीआय कार्ड आहे. 2005 च्या कायद्याने ही सोय आजच्या रूपात आली, आणि पूर्वीचे पीआयओ कार्ड 2015 साली तीत विलीन झाले. ओसीआय म्हणजे दुसरे नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, जरी ती वारशाने येऊ शकते. परंतु आयुष्यभर कितीही वेळा येता येते, कितीही काळ राहता येते आणि परदेशी नोंदणी कचेरीत नोंद करावी लागत नाही. मात्र कायम मुक्काम येथेच असेल तर पत्ता किंवा व्यवसाय बदलल्यास त्या कचेरीस ईमेलने कळवावे असा 2021 चा नियम आहे. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार अशा काही कामांसाठी वेगळी परवानगी लागते. मुलांना लहानपणी काढलेले कार्ड वीस वर्षे पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट घेतला की एकदा बदलून घ्यावे लागते, हे आईबाप विसरतात.

परदेशी सून किंवा जावई असल्यास विवाह नोंदलेला असावा आणि दोन वर्षे टिकलेला असावा, तेव्हाच ओसीआयसाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत प्रवेश व्हिसा, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात, तो घ्यावा. पर्यटक व्हिसावर येऊन वर्षभर घरी राहण्याचा बेत करू नये. तो व्हिसा भेटीगाठी आणि प्रवासासाठी आहे, त्यावर एका वर्षात किती दिवस राहता येते ह्याला मर्यादा आहे, आणि नोकरी हा हेतू त्यात बसत नाही.

180 दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर दीर्घ मुक्कामासाठी येणाऱ्याने, व्हिसावर वेगळे काही नमूद नसल्यास, पोचल्यापासून 14 दिवसांत नोंद करावयाची असते. ही नोंद 2018 पासून ऑनलाईन होते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कचेरीकडे असते. जुने परदेशी नागरिकविषयक कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी 1 सप्टेंबर 2025 पासून नवा कायदा लागू झाला आहे. मुदत संपल्यावर राहणे किंवा व्हिसाची अट मोडणे ह्यास त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. "आपल्याच घरी तर राहतो, कोण विचारतो?" असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

परदेशी जन्मलेल्या नातवंडांविषयी एक गोष्ट. आईवडील भारतीय नागरिक असले तरी 2004 च्या डिसेंबरानंतर परदेशात जन्मलेले मूल आपोआप भारतीय नागरिक होत नाही. वर्षाच्या आत तेथील भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते. बारशाच्या गडबडीत ही मुदत कधी निघून जाते ते कळत नाही.

यजमानाचे कर्तव्य

थायलंडच्या घरमालकाने 24 तासांत वर्दी द्यावी हा नियम वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. आपल्याकडेही तोच नियम आहे. परदेशी पाहुणा उतरला की हॉटेल, धर्मशाळा, वसतिगृह किंवा घर, जेथे तो राहील तेथील यजमानाने 24 तासांत माहिती द्यावयाची असते. पुष्कळ वर्षे हा कागद 'सी फॉर्म' ह्या नावाने ओळखला जातो, आणि आता तो ऑनलाईन भरता येतो.

हे आम्हांसही फार उशिरा कळले. एका सभासदाच्या घरी परदेशी सूनबाई पहिल्यांदा मुक्कामास आल्या. दहाव्या दिवशी एक पोलीस शिपाई चौकशीस आला. शेजारी जमले, सासूबाई घाबरल्या, आणि सूनबाईंना आपल्यामुळे घराला कलंक लागला असे वाटून रडू कोसळले. शिपाई बिचारा नम्रपणे एवढेच विचारीत होता की फॉर्म का भरला नाही. फॉर्म भरला आणि प्रकरण मिटले. पण पहिल्या मुक्कामाची ती आठवण सूनबाईंच्या मनात राहिली. पाच मिनिटांचे काम आपण केले असते तर ती राहिली नसती. तेव्हा घरी कोणी परदेशी पासपोर्टावर येत असेल, मग तो कार्डधारक असो वा व्हिसावर आलेला, शंका असल्यास जिल्हा पोलीस कचेरीत आधीच विचारून घ्यावे.

दिवसांचा हिशेब

राहण्याचा परवाना एक आणि कराच्या दृष्टीने रहिवासी होणे दुसरे. आपल्या आयकर कायद्यात वर्षात 182 दिवस येथे राहणाऱ्यास रहिवासी धरतात. परदेशस्थ भारतीयाचे येथील उत्पन्न 15 लाखांहून अधिक असल्यास ही मर्यादा 120 दिवसांवर येते. शिवाय येथे बसून केलेल्या कामाचा पगार, मालक परदेशी असला तरी, येथे मिळविलेला धरला जातो. दोन देशांतील करारांमुळे थोड्या मुक्कामास सूट मिळू शकते, पण ती आपोआप मिळत नाही. परक्या देशांतही असेच दिवस मोजतात. म्हणून येण्या-जाण्याच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात आणि मुक्काम सहा महिन्यांकडे झुकू लागला की हिशेबनिसाचा सल्ला घ्यावा.

एक विनंती

सभासदांनी ह्या महोत्सवाच्या वर्षात एवढे एक काम करावे. घरातील प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाहाचा दाखला, पासपोर्टाची प्रत, आणि कोणाकडे असल्यास ओसीआय कार्डाची प्रत, असे एक दप्तर बांधावे. सर्वांवरील नावे एकमेकांशी ताडून पाहावीत. जुने उर्दू आणि मोडी कागद टाकून देऊ नयेत. वाचता येणारी वडील मंडळी हयात आहेत तोवर त्यांच्याकडून अर्थ लिहून घ्यावा. कचेरीतील आमचे कार्यकर्ते नावे ताडण्यास मदत करतील, त्यास काही मोबदला लागणार नाही.

ज्या घरच्या आजोबांची गोष्ट आम्ही आरंभी सांगितली, त्यांच्या मुलाने असे दप्तर पहिल्याने बांधले. त्याच्या पहिल्या पानावर त्याने मुलाच्या निवास परवान्याची मुदत मोठ्या अक्षरांत लिहिली आहे. वर्षश्राद्धाला नातू हजर होता, आणि परत जाण्याची काळजी कोणास नव्हती. प्रत्येक घरी तसेच व्हावे, ही आमची इच्छा आहे.